मितोमाचा एक मिलिमीटर

मागच्या वेळी आपण हळद पॅकिंगच्या परवान्याविषयी बोललो, त्याच्या आधी पीक विम्याच्या अर्जाविषयी. आजचा विषय जरा लांबचा आहे. जपानचा आहे, आणि तोही फुटबॉलचा. लगेच रेडिओ बंद करू नका. भाकऱ्या थापता थापता ऐकलं तरी चालेल.

झालं असं, की आमच्या आठवड्याच्या बैठकीला एका ताईंचा धाकटा मुलगा आला होता. दहावीत आहे. आम्ही हप्त्यांचा हिशोब करतोय आणि हा कोपऱ्यात बसून मोबाईलवर एकच व्हिडिओ परत परत बघतोय. आठ-दहा सेकंदांचा असेल. आई ओरडली, "अरे, किती वेळा तेच तेच?" तर म्हणाला, "आई, मितोमा आहे!" जसा काही मितोमा आमच्या गल्लीतलाच.

आता आमच्या कोल्हापूरकडं पोरांना फुटबॉलचं वेड काही नवं नाही. शहरात पेठापेठांतल्या तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर सामना असला की दुकानात गिऱ्हाईक नसतं. वर्ल्ड कप आला की चौकात अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे, मेस्सी आणि रोनाल्डोचे माणसाहून मोठे फलक. ही नावं आम्हालाही पाठ झाली आहेत. पण जपानी खेळाडू? म्हणून आम्ही वह्या बाजूला ठेवल्या आणि त्याला विचारलं, बाबा, हा कोण आणि तू त्याला का बघतोस? त्यानं जे सांगितलं ते, आणि नंतर आम्ही बातम्या वाचून, व्हिडिओ बघून जे समजून घेतलं ते, असं दोन्ही मिळून आज सांगतो.

काओरू मितोमा. जन्म १९९७ चा. टोकियोला लागून कावासाकी नावाचं कारखान्यांचं मोठं शहर आहे, तिथं वाढला. तिथल्याच कावासाकी फ्रोंताले या क्लबमध्ये लहानपणापासून खेळला. अठरा वर्षांचा झाला तेव्हा क्लबनं त्याला मोठ्या संघात घ्यायची तयारी दाखवली. पगारी खेळाडू. आपल्याकडं एखाद्या पोराला बारावी झाल्या झाल्या पक्की नोकरी चालून आली तर घरचे काय म्हणतील? हा नाही म्हणाला. आपलं शरीर आणि खेळ अजून तयार नाही, असं त्याला वाटलं, आणि तो त्सुकुबा विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकायला गेला.

तिथं त्यानं पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, तो पुढं जगभर गाजला. विषय काय, तर चेंडू पायात घेऊन समोरच्या खेळाडूला चुकवून कसं जायचं. एकास एक. त्यानं खेळाडूंच्या डोक्याला छोटे कॅमेरे बांधले आणि चेंडू पायात असताना माणसाची नजर नेमकी कुठं असते ते बघितलं. त्यातून दिसलं की जे चांगले खेळाडू आहेत ते चेंडूकडं फारसं बघतच नाहीत. त्यांची नजर समोर असते. समोरच्याचा तोल कुठल्या पायावर आहे, तो कुठं झुकतोय, हे ते बघतात आणि तो झुकला की उलट्या बाजूनं निघतात. हे वाचून आमच्या एक काकू म्हणाल्या, "मग यात नवीन काय? डोक्यावर दोन घागरी घेऊन चालणारी बाई घागरीकडं बघते का?" खरं आहे. पण काकूंनी त्यावर प्रबंध लिहिला नाही.

विद्यापीठातून बाहेर पडल्यावर २०२० साली तो कावासाकी फ्रोंतालेकडूनच खेळायला लागला. पहिल्याच वर्षी लीगमध्ये १३ गोल केले आणि त्या वर्षी क्लब विजेता ठरला. २०२१ मध्ये इंग्लंडच्या ब्रायटन क्लबनं त्याला घेतलं, एक वर्ष बेल्जियममध्ये खेळायला पाठवलं आणि २०२२ पासून तो इंग्लंडमध्ये खेळायला लागला. ब्रायटन हे समुद्रकाठचं शहर आहे. क्लब मँचेस्टर किंवा लिव्हरपूलएवढा नावाजलेला नाही.

इथपर्यंत त्याला फुटबॉलवाले ओळखत होते. घराघरात नाव गेलं ते एका फोटोमुळं. आणि त्या फोटोसाठीच आम्ही आज हा विषय घेतला आहे.

१ डिसेंबर २०२२. कतार देश. वर्ल्ड कपमध्ये जपान विरुद्ध स्पेन. तिथं रात्रीचे दहा, आपल्याकडं मध्यरात्र उलटून गेलेली, आणि जपानमध्ये पहाटेचे चार. माणसं अलार्म लावून उठली होती. स्पेननं सुरुवातीलाच गोल केला. मध्यंतरापर्यंत जपान एका गोलनं मागं. मध्यंतरानंतर मितोमाला मैदानात आणलं. थोड्याच वेळात दोआन नावाच्या खेळाडूनं गोल केला आणि बरोबरी झाली. त्यानंतर तीनच मिनिटांत एक चेंडू स्पेनच्या गोलच्या बाजूनं मैदानाबाहेर चालला होता. गेलाच, असं सगळ्यांना वाटलं. मितोमा जिवाच्या आकांतानं धावला, पाय लांबवला आणि चेंडू आत ढकलला. समोर आओ तानाका होता, त्यानं तो गुडघ्यानं जाळ्यात घातला. हा तानाका आणि मितोमा एकाच प्राथमिक शाळेतले, लहानपणी एकाच मुलांच्या संघात खेळलेले. दोन वर्गमित्र असावेत तसे शाळेच्या पटांगणावरून थेट कतारमध्ये.

पण गोल धरायचा की नाही? मितोमानं पाय लावला तेव्हा चेंडू रेषेच्या बाहेर गेला होता का? मैदानापासून दूर एका खोलीत बसलेले व्हिडिओ पंच तपासू लागले. सगळं स्टेडियम थांबलं. शेवटी निर्णय आला, चेंडू आत होता, गोल ग्राह्य. जपान २, स्पेन १. सामना तसाच संपला.

आणि इकडं मोबाईलवर भांडण सुरू झालं. कारण टीव्हीवर बाजूनं दाखवलेल्या चित्रात पांढरी रेषा दिसते, रेषेच्या पलीकडं चेंडू दिसतो, आणि दोघांच्या मध्ये हिरवं गवत चक्क दिसतं. डोळ्यांना स्वच्छ दिसतंय की चेंडू बाहेर आहे. लोकांनी ते चित्र थांबवून, मोठं करून, त्यावर लाल रेषा मारून जगभर फिरवलं. फसवणूक झाली म्हणाले. मग दुसरा फोटो आला. एका वृत्तसंस्थेच्या छायाचित्रकारानं खूप उंचावरून, जवळजवळ सरळ खाली बघून काढलेला. त्यात मितोमाचा पाय, चेंडू आणि रेषा आहे, आणि चेंडूची कड रेषेच्या कडेवर किंचित आलेली दिसते. बातम्यांत आकडा आला १.८८ मिलिमीटर. एकावर एक ठेवलेले दोन तीळ, साधारण तेवढं. फुटबॉलची जागतिक संघटना फिफा, तिनंही दुसऱ्या दिवशी व्हिडिओ काढून समजावलं की बाजूच्या कॅमेऱ्यांची चित्रं फसवी असू शकतात, पण उपलब्ध पुराव्यावरून चेंडू पूर्ण बाहेर गेलेला नव्हता.

जपानमध्ये त्या क्षणाला नावच पडलं, 'मितोमाचा एक मिलिमीटर'.

आता दोन फोटो, दोन्ही खरे. कुणी काही जोडलेलं नाही, कापलेलं नाही. मग एकात बाहेर आणि एकात आत कसं दिसतं? हे आम्हाला त्या मुलाच्या तोंडून पटलं नाही, म्हणून बैठकीतच करून बघितलं. तुम्हीही करा. घरात फरशी असेल तर फरशीची सांध घ्या, नसेल तर खडूनं किंवा रांगोळीनं जाडसर रेघ ओढा. एक कळशी आणा, मोठ्या पोटाची. कळशी रेघेच्या पलीकडं अशी ठेवा की तिचं बूड रेघेला शिवत नाही, मध्ये बोटभर जमीन मोकळी आहे, पण तिचं पोट मात्र रेघेवर आलेलं आहे. आता खाली जमिनीवर बसा, अगदी गाल जमिनीला टेकेल इतक्या खाली, आणि रेघेच्या सरळीत बघा. काय दिसतं? बूड आणि रेघ यांच्यात मोकळी जमीन. कळशी बाहेर! आता उभ्या राहा, रेघेच्या बरोबर वर डोकं आणा आणि खाली बघा. कळशीचं पोट रेघेवर. कळशी आत!

चेंडूचं तसंच आहे. फुटबॉलचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर असतो, म्हणजे आडवा मोजला तर साधारण २२ सेंटिमीटर. तो जमिनीला टेकतो फक्त मधल्या एका ठिपक्यावर. त्या ठिपक्यापासून त्याचं पोट सगळ्या बाजूंनी ११ सेंटिमीटर बाहेर आलेलं असतं. आणि फुटबॉलचा नियम सांगतो की पूर्ण चेंडूनं पूर्ण रेषा ओलांडली, जमिनीवरून असो की हवेतून, तरच तो बाहेर. ठिपका कुठं टेकलाय हे विचारायचंच नाही. पोटाची शेवटची कड कुठं आहे ते विचारायचं, आणि ती कड रेषेच्या बरोबर वरून ओळंबा सोडल्यासारखी बघायची. गवंडी भिंत उभी करताना ओळंबा का सोडतो? बाजूनं बघून भिंत सरळ दिसते, म्हणून तो विश्वास ठेवत नाही.

ज्यांचं दूध डेअरीला जातं त्यांना हे वेगळं सांगायला नको. लॅक्टोमीटर वाचताना डोळा दुधाच्या पातळीला आणायचा असतो. वरून वाकून बघितलं तर आकडा वेगळा, खालून बघितलं तर वेगळा. दूध तेच असतं.

त्या दोन तिळांनी काय काय झालं तेही ऐका, म्हणजे लोक एवढे का चिडले ते कळेल. त्या गटात चार देश होते: जपान, स्पेन, जर्मनी आणि कोस्टा रिका. दोन पुढं जाणार, दोन घरी. त्याच वेळी दुसऱ्या मैदानात जर्मनीनं कोस्टा रिकाला ४-२ असं हरवलं होतं. जपानचा तो गोल धरला नसता तर जपान-स्पेन बरोबरी झाली असती, जपान आणि जर्मनीचे गुण सारखे झाले असते आणि गोलफरकावर जर्मनी पुढं गेला असता. गोल धरला म्हणून जपान गटात पहिला आला, स्पेन दुसरा, आणि चार वेळा जगज्जेता झालेला जर्मनी घरी परतला. जर्मनीच्या माणसांनी तो बाजूचा फोटो कितीदा पाठवला असेल, विचार करा. आपल्या बाजूचा फोटो खरा वाटतो, हेही त्यात आलंच.

आता त्या मुलाकडं परत येतो. त्याला हे सगळं माहीत होतं, पण तो बघत होता ते वेगळंच. जानेवारी २०२३ मध्ये एफए कप या स्पर्धेत ब्रायटननं लिव्हरपूलला हरवलं, त्यातला शेवटच्या क्षणीचा गोल. हवेतून आलेला चेंडू मितोमानं पायाच्या बाहेरच्या बाजूनं झेलला, आता मारणार असं दाखवलं, बचाव करणारा खेळाडू त्या बाजूला गेला, यानं चेंडू हळूच उचलून स्वतःसाठी पुढं ठेवला आणि मग मारला. दोन वर्षांनी, १४ फेब्रुवारी २०२५ ला, चेल्सीविरुद्ध आणखी एक. आपल्या गोलरक्षकानं मैदानाच्या पार त्या टोकाहून मारलेला चेंडू आकाशातून येतोय, हा पळतोय, आणि पळता पळता पायावर तो असा अलगद घेतला की आमच्या काकू म्हणाल्या, "झाडावरनं पडलेलं अंडं झेलावं तसं."

हे व्हिडिओ एवढे का फिरतात, याचं आम्हाला समजलेलं उत्तर साधं आहे. एक तर त्यांना भाषा लागत नाही. तो मुलगा जपानी बोलत नाही, इंग्रजी जेमतेम, तरी त्याला सगळं कळतं. दुसरं, ते चटकन संपतात, म्हणून माणूस परत लावतो. मोबाईलमधल्या त्या यंत्रणेला मितोमा कोण ते ठाऊक नसतं. तिला एवढंच कळतं की हा व्हिडिओ लोक शेवटपर्यंत बघतात, पुन्हा बघतात, दुसऱ्याला पाठवतात. मग ती तो आणखी लोकांपुढं ठेवते. जत्रेत ज्या पाळण्यापाशी गर्दी, तिथंच आणखी गर्दी. त्यात प्रबंधाची गोष्ट. कसबी खेळाडू खूप असतात, पण चकवा देण्यावर विद्यापीठात अभ्यास केलेला खेळाडू म्हटलं की फुटबॉल न बघणारी माणसंही थांबतात. आम्हीही थांबलो, नाही का?

या लोकप्रियतेचा पैसाही होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात ब्रायटन क्लब अख्खा संघ घेऊन जपानला सामने खेळायला गेला. कुठलं इंग्लंडचं समुद्रकाठचं शहर आणि कुठलं टोकियो. आपल्या पापडाला एक ओळखीचं गिऱ्हाईक मिळालं की त्याच्या गल्लीत दहा मिळतात, त्यातलाच प्रकार, फक्त फार मोठा.

पण तीच गर्दी दुसऱ्या बाजूलाही वळते. स्पेनला हरवल्यानंतर चौथ्या दिवशी, ५ डिसेंबरला, जपानचा सामना क्रोएशियाशी होता. १-१ अशी बरोबरी, मग पेनल्टी. मितोमाची पेनल्टी गोलरक्षकानं अडवली. त्याच्याबरोबर आणखी दोघांच्या अडवल्या गेल्या आणि जपान बाहेर. तो मैदानात रडला, आणि तो रडतानाचा फोटोही फिरला. चार दिवसांपूर्वी जो पाय देशाचा जीव की प्राण होता, तोच पाय. आम्हाला विचाराल तर तो रडका फोटो फिरवायची काही गरज नव्हती. पण फोटोला कोण विचारतं?

मैत्रिणींनो, आता आमच्या गटातलं सांगतो. ज्यांच्याबाबत घडलं त्या ताईंना विचारूनच सांगतोय, नाव घ्यायचं नाही या अटीवर.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमच्या कोषाध्यक्ष ताई गटाची परतफेडीची रक्कम भरायला तालुक्याच्या गावी गेल्या. दुपारी गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो आला. ताई सोन्या-चांदीच्या दुकानाच्या दारात उभ्या, काखेत गटाची कापडी पिशवी, डोक्यामागं दुकानाची पाटी. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "गटाची दिवाळी जोरात." बस, एवढंच. संध्याकाळपर्यंत तो फोटो शेजारच्या दोन गावांत पोचला. एका ताईंना त्यांच्या माहेराहून फोन आला, की तुमच्या गटाचे पैसे बुडाले म्हणे.

आम्ही काय केलं? आम्ही समन्वयक. आम्ही शिकलेले. आम्ही त्यांना फोन करून विचारायला हवं होतं. ते केलं नाही. दुसऱ्या दिवशी तातडीची बैठक बोलावली आणि चौदा जणींसमोर त्यांना पासबुक दाखवायला सांगितलं. त्यांनी काही न बोलता पिशवीतून पासबुक आणि भरणा पावती काढून सतरंजीवर ठेवली. रक्कम पूर्ण भरलेली होती. त्याच दिवशी, फोटो ग्रुपवर यायच्या आधी. मग त्या म्हणाल्या, "एसटीची वाट बघत होते. थांबा तिथंच आहे." आणि उठून गेल्या.

आमच्यातल्या दोघी नंतर जाऊन बघून आल्या. एसटीचा थांबा आणि दुकान यांच्यात चांगला सात-आठ पावलांचा रस्ता आहे. फोटो पलीकडून, तिरका, मोबाईलवर मोठं करून काढलेला. त्या कोनातून थांब्याचा खांब फोटोबाहेर राहतो आणि दुकानाची पाटी बरोबर डोक्यामागं येते. फोटो खोटा नव्हता. ताई तिथं उभ्या होत्याच.

ज्यांनी तो पाठवला त्यांना आम्ही भेटलो. म्हणाले, "आम्ही थोडंच म्हटलं पैसे खाल्ले म्हणून? गंमत केली." आणि आमच्याच दोन सदस्यांनी तो फोटो पुढं पाठवला होता, हेही बाहेर आलं. त्यांनी बैठकीत कबूल केलं, एक रडली. ज्या ग्रुपवर फोटो आला होता तिथं आम्ही भरणा पावतीचा फोटो टाकला. पण आधीचा फोटो ज्या दोन गावांत पोचला होता, तिथं पावती कुणी नेली नाही. पहिला फोटो पळाला, दुसरा चालतच राहिला.

ताई सहा बैठकांना आल्या नाहीत. बचत मात्र दर आठवड्याला मुलीच्या हातून येत होती, एकदाही चुकली नाही.

त्या दहावीच्या मुलानं कळशीचा खेळ केला त्या दिवशी त्या सातव्या बैठकीला आल्या होत्या. दारापाशी बसल्या होत्या. आम्ही सगळ्याजणी पाळीपाळीनं जमिनीवर झोपून रेघ बघत होतो, हसत होतो, कुणाचा पदर रांगोळीनं माखला. त्या उठल्या, रेघेच्या वर येऊन उभ्या राहिल्या, खाली बघितलं आणि म्हणाल्या, "हेच तर मी म्हणत होते." कुणी काही बोललं नाही. मग अध्यक्षांनी सगळ्यांच्या वतीनं त्यांची माफी मागितली, आणि तशी नोंद इतिवृत्तात घेतली. सह्या सगळ्यांच्या आहेत, पहिली आमची.

त्याच दिवशी ठरलं ते असं. पैसे भरायला एकटीनं जायचं नाही, दोघींनी जायचं. भरणा झाला की बँकेच्या दारातच पावतीचा फोटो काढून गटाच्या ग्रुपवर टाकायचा, कुणी विचारायच्या आधी. आणि कुणाही बाईचा फोटो आला तर तो पुढं पाठवण्याआधी तिला फोन लावायचा. फोन लागला नाही तर फोटो तिथंच ठेवायचा. तिसऱ्या ठरावावर एक ताई म्हणाल्या, "एवढं कुणाला जमतंय?" त्यावर बराच वेळ चर्चा झाली, पण ठराव राहिला.

कोषाध्यक्ष पद त्यांनी परत घेतलं नाही. आम्ही दोनदा विचारलं. "हिशोब बघते, पिशवी नको," म्हणतात. सध्या पिशवी दुसऱ्या ताईंकडं आहे आणि हिशोब या बघतात. पुढच्या महिन्यात पदाधिकारी निवड आहे, तेव्हा तिसऱ्यांदा विचारणार आहोत.

तुमच्या गटात कळशी करून बघितलीत तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या मंगळवारी याच वेळी भेटू, विषय आहे शेळ्यांचं लसीकरण. नमस्कार.